मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधन साहाय्यकाचे काम कुठे आणि कसे मिळते?

सोलापूरची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी सोलापुरात एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या सत्रात शिकते. पुढे पीएच.डी. करावी की चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे, म्हणजे रुग्णांवर मानसोपचार करण्याकडे वळावे, हे अजून ठरलेले नाही. परंतु त्याआधी कोणाच्या तरी प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून काम करून संशोधन प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे, असे मला वाटते. आमच्या प्रयोगशाळेत शब्द एकेक करून दाखवणारा स्मरण-ड्रम आहे, आरशात पाहून आकृती गिरवण्याचे आरसा-रेखनाचे उपकरण आहे, आणि वर्षानुवर्षे तेच प्रयोग त्याच जर्नलमध्ये उतरवले जातात. संगणकावर प्रतिक्रियाकाल मोजण्याची सोय नाही. एसपीएसएस या सांख्यिकीच्या संगणकप्रणालीवर सरासरी, सहसंबंध आणि टी-परीक्षण (दोन सरासरींतील फरकाची चाचणी) मला करता येते.

गेल्या तीन महिन्यांत मी वेगवेगळ्या संस्थांतील प्राध्यापकांना ४२ ई-मेल पाठवले. ‘मला संशोधनाची अत्यंत आवड असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी’ असे लिहून सोबत परिचयपत्र जोडले होते. दोनच उत्तरे आली. एकांनी जागा नसल्याचे कळवले. दुसरे उत्तर एका खासगी संस्थेचे होते: ६,००० रुपये भरल्यास दोन महिन्यांची ऑनलाइन ‘रिसर्च इंटर्नशिप’ आणि प्रमाणपत्र मिळेल.

ते पैसे भरावेत का? खरे काम नेमके कोणते असते आणि ते कुठे मिळते? माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, घरी आम्ही तेलुगू बोलतो, आणि इंग्रजी वाचता येत असले तरी बोलताना अडखळते. या क्षेत्रात ती मोठी अडचण ठरते का?

गावोगाव_फिरलेला

पैशांचे आधी सांगतो. भरू नका. संशोधन साहाय्यकाला काम देणारा पैसे देतो. त्याच्याकडे तरतूद नसेल तर तो तसे स्पष्ट सांगतो किंवा नकार कळवतो. तुमच्याकडूनच पैसे मागणारा प्रमाणपत्र विकत असतो, आणि निवड समितीत बसलेल्या माणसाला ते प्रमाणपत्र बघताक्षणी ओळखू येते.

मी सामाजिक मानसिक आरोग्याच्या दोन प्रकल्पांत मिळून साडेचार वर्षे क्षेत्रीय संशोधन साहाय्यक होतो, त्यामुळे त्याच बाजूचे सांगू शकेन. महाराष्ट्र आणि गोवा या बाबतीत बरेच समृद्ध आहेत, हे आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या स्वयंसेवी संस्थेने ‘मानस’ हा अभ्यास केला, त्यात २४ आरोग्यकेंद्रे व दवाखाने होते आणि व्यावसायिक मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांबरोबर काम केले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत २७.२ टक्के आढळले. हे आकडे वाचायला एक ओळ लागते. पण त्यांच्यामागे दारोदार जाऊन, ओसरीवर बसून, समोरच्याच्या बोलीत प्रश्न विचारणारी माणसे असतात, आणि तीच ही क्षेत्रीय संशोधन साहाय्यकाची नोकरी.

भाषेचे म्हणाल, तर तुम्ही जिला अडचण समजत आहात ती या कामातली तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली तुम्हाला माहीत असेल: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांतील अनुभव, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. कागदावर अगदी सोपी. पण त्यातल्या पाचव्या प्रश्नात भूक कमी होणे आणि अति खाणे ही दोन्ही टोके एकत्र आहेत. आठव्यात हालचाल मंदावणे आणि अस्वस्थपणे सतत हालत राहणे ही दोन्ही एकत्र आहेत. शहरातला पदवीधर ‘किंवा’ हा शब्द पकडून उत्तर देतो. गावातल्या आजी विचारतात, ‘अरे, यातलं नेमकं कोणतं विचारतोस?’ सहावा प्रश्न, म्हणजे आपण अपयशी आहोत किंवा घरच्यांना खाली बघायला लावले असे वाटते का, हा आम्ही पहिल्या मसुद्यात फारच पुस्तकी मराठीत लिहिला होता. एक बाई ताडकन उठून म्हणाल्या, ‘मी काय केलंय म्हणून असं विचारता?’ त्या दिवशी तो मसुदा आम्ही फाडला. ‘उदास’ या शब्दाने जे कळत नव्हते, ते ‘मन लागत नाही’ आणि ‘जीव रमत नाही’ यांनी कळू लागले.

असा शब्द सापडण्यासाठी एक रीतसर पद्धत असते. एकजण मूळ प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करतो. मूळ न पाहिलेला दुसरा त्या मराठीचे पुन्हा इंग्रजीत उलट-भाषांतर करतो. दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तफावती शोधल्या जातात. आणि मग आठ-दहा सामान्य माणसांना तो प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारले जाते. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर मराठी पक्के असलेला माणूस लागतो. तुम्हाला तर तेलुगूही येते. सोलापुरात विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत एखादा अभ्यास करायचा झाला तर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या चमूला पहिल्याच दिवशी तुमच्यासारखी व्यक्ती शोधावी लागेल.

एक गोष्ट मात्र हलक्याने घेऊ नका. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरून जावेसे वाटणे किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणे याविषयी आहे. समोरची व्यक्ती ‘हो’ म्हणाली तर काय करायचे, हे प्रकल्प सुरू होण्याआधी लेखी ठरलेले असले पाहिजे: कोणाला, किती वेळात कळवायचे, त्या घरातून निघण्याआधी काय बोलायचे, जवळचा डॉक्टर कोण, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक केव्हा द्यायचा. साहाय्यकाने तिथे समुपदेशन करायला बसायचे नसते, आणि ऐकून न ऐकल्यासारखे पुढच्या घरीही जायचे नसते. मुलाखतीला गेलात तर ‘नवव्या प्रश्नासाठी तुमची कार्यपद्धती काय आहे?’ असे आपणहून विचारा. उत्तर देताना ज्यांची चलबिचल होते तिथे काम करू नये, असे माझे मत आहे.

निवृत्त_प्राध्यापिका

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी पत्राविषयी आणि जागांविषयी लिहिते.

तुमचे पत्र मला आले असते तर मीही कदाचित उत्तर दिले नसते. राग मानू नका. त्या पत्रात तुमचा दोष थोडा आणि प्रथेचा अधिक आहे. संशोधनाची अत्यंत आवड असल्याचे सर्वच लिहितात, आणि ते पत्र माझ्याऐवजी इतर कोणालाही पाठवता आले असते हे पहिल्या दोन ओळींत कळते. तुम्ही ४२ पत्रांऐवजी सहा पत्रे लिहा. प्रत्येक पत्रापूर्वी त्या व्यक्तीचा अलीकडचा एक शोधनिबंध पूर्ण वाचा, विशेषतः पद्धतीचा भाग, कारण साहाय्यकाचे काम तिथेच असते. मग पत्रात एवढेच येऊ द्या: तुमच्या अमुक अभ्यासात मराठी भाषक सहभागी होते, त्या प्रश्नावलीतील अमुक प्रश्नाचे भाषांतर वाचताना मला ही शंका आली, मला मराठी आणि तेलुगू बोलता-लिहिता येते, ध्वनिमुद्रित मुलाखतींचे शब्दांकन (ऐकून शब्दशः लिहून काढणे) मी करू शकते, आठवड्याला दहा तास आणि मे-जूनमध्ये पूर्ण वेळ देऊ शकते. बारा ओळींपेक्षा मोठे पत्र नको. सोबत तासाभराच्या एखाद्या सरावाच्या मुलाखतीची तुम्ही केलेली शब्दांकनाची दोन पाने जोडलीत, तर परिचयपत्र कोणी उघडणारही नाही. परंतु ती मुलाखत संमती घेऊन केलेली असावी आणि त्यात कोणाची ओळख पटेल असे काही नसावे.

आता जागा. दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पहिला प्रकार म्हणजे निधी मिळालेल्या प्रकल्पातील पगारी पद. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या प्रकल्पांत अशी पदे असतात, त्यांची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर भरतीच्या पानावर येते, मुदत बहुधा दहा-पंधरा दिवसांचीच असते, आणि नेमणूक प्रकल्पापुरती, कंत्राटी असते. त्यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी पूर्ण झालेली लागते, म्हणजे ही पदे तुमच्यासाठी पुढच्या वर्षीची आहेत. दुसरा प्रकार विद्यार्थ्यांसाठीचा: उन्हाळी प्रशिक्षण, अर्धवेळ मानधनावरचे काम, किंवा श्रेयांकांच्या बदल्यातले काम. यांतला शेवटचा, श्रेयांकांचा मार्ग तुमच्या अभ्यासक्रमातच आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४ श्रेयांक आहेत, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. बहुतेक विद्यार्थी ते तास एखाद्या शाळेत किंवा रुग्णालयात बसून, शिक्का घेऊन संपवतात. तेच १२० तास एखाद्या चालू संशोधनात घालवण्यास विभागप्रमुखांची हरकत असण्याचे कारण नाही. ‘मला दहा तास द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘माझ्याकडे विद्यापीठाने मान्य केलेले १२० तास आहेत’ असे म्हणणे कितीतरी वजनदार असते. (जाता जाता पदवीच्या मुलांसाठी: चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळून रडणारी मुले मी पाहिली आहेत.)

कुठे पाहावे, हे तुमचा कल कोणता यावर अवलंबून आहे. अवधान, स्मृती, भाषाप्रक्रिया अशा बोधनिक (कॉग्निटिव्ह) विषयांसाठी कानपूर आणि गांधीनगर येथील आयआयटी, हैदराबाद विद्यापीठ, आणि अलाहाबाद विद्यापीठाचे २००२ साली सुरू झालेले वर्तन व बोधनिक विज्ञान केंद्र ही नावे लक्षात ठेवा. तिथे आर किंवा पायथॉन या संगणकभाषा थोड्या येणे अपेक्षित असते. हैदराबाद तुम्हाला सोलापूरहून एका रात्रीचे आहे आणि तिथे तुमची तेलुगू उपयोगी पडेल. मानसिक आरोग्यविषयक कायदा आणि धोरणासाठी पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील केंद्र आहे, ज्यांच्या ‘आत्मीयता’ या गावपातळीवरील मानसिक आरोग्य प्रकल्पाची सुरुवात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात झाली. मानसमापनात, म्हणजे बुद्धी वगैरे मोजण्याच्या कसोट्यांत रस असेल तर ज्ञान प्रबोधिनीकडे पाहा. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या कसोट्या आपल्याकडे तयार केल्या, आणि कसोटीची विश्वसनीयता (निकालातले सातत्य), सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजणे) आणि प्रमाणके (तुलनेसाठीचे गुण) म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा अशा कामातून लवकर समजते. प्रबोधिनीचे केंद्र सोलापुरातही आहे. जागा आहे की नाही हे मला ठाऊक नाही. तुम्ही चालत जाऊन विचारू शकता एवढे नक्की.

चिकित्सालयीन मानसशास्त्राबद्दल एक स्पष्ट करते. त्या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच मिळते. संशोधन साहाय्यकाचा कितीही वर्षांचा अनुभव तिची जागा घेऊ शकत नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत तो उपयोगी पडतो, इतकेच.

थंडीत_कुडकुडणारा

मी जर्मनीत बोधनिक मानसशास्त्रात मास्टर्स करत आहे आणि इथे विद्यार्थी-साहाय्यक आहे. या कामाला इथे ‘हिवी’ म्हणतात. माझा आठवड्याला नऊ तासांचा लेखी करार आहे आणि ताशी वेतन मिळते. अशा नोकऱ्यांची जाहिरात विभागाच्या फलकावरही लागते आणि मास्टर्सच्या पहिल्या वर्षातली मुले सर्रास अर्ज करतात. अमेरिकेत शिकणाऱ्या मित्रांकडून ऐकतो की तिथे पदवीची मुले बहुधा श्रेयांकांसाठी प्रयोगशाळेत काम करतात. म्हणजे विनामानधन काम सर्वत्र शोषणच असते असे नाही, परंतु बदल्यात काय मिळणार ते आधी लिहून ठेवलेले असते.

कामाच्या स्वरूपाविषयी फार भव्य कल्पना करून घेऊ नका. माझे निम्मे तास सहभागींना वेळा देण्यात आणि ते न आल्यास दुसऱ्याला शोधण्यात जातात. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरी नोंदवण्याच्या दिवशी सहभागीच्या डोक्यावरील टोपीतल्या प्रत्येक विद्युतअग्राखाली (इलेक्ट्रोडखाली) जेल भरायचे, दोन तासांनी त्या माणसाचे डोके धुवायला टॉवेल आणि शाम्पू द्यायचा, टोपी घासून वाळत घालायची. (भारतात ईईजी करणार असाल तर सहभागींना डोक्याला तेल न लावता यायला सांगा, तेलकट टाळूवर विद्युतअग्रांचा संपर्क नीट होत नाही. हे शहाणपण माझ्या जर्मन वरिष्ठांना मीच शिकवले, त्याचा मला अजून अभिमान आहे.)

मात्र याच कंटाळवाण्या कामावर निष्कर्ष उभे असतात. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा सामूहिक अभ्यास आला. मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले असता, मुळात ९७ टक्के अभ्यासांत सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ (केवळ योगायोगाचे न वाटणारे) निष्कर्ष असताना पुनरावृत्तीत तसे केवळ ३६ टक्क्यांत आले. त्यानंतर अनेक देशांतील प्रयोगशाळांनी एकच अभ्यास एकाच वेळी करण्याची चळवळ वाढली. २०१७ मध्ये सुरू झालेला ‘सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सिलरेटर’ हा त्यातला मोठा उपक्रम. त्यात लहान महाविद्यालयांतील शिक्षकही सामील होऊ शकतात, आणि प्रश्नावल्या निरनिराळ्या भाषांत नेण्यासाठी भाषांतरकार लागतात. तुमच्या एखाद्या शिक्षिकेला यात रस असेल तर सोलापुरात बसून तुम्ही जगभरच्या अभ्यासात सहभागी होऊ शकता.

दरम्यान सायकोपाय (प्रयोग चालवण्यासाठी) आणि जमोवी (सांख्यिकीसाठी) या दोन्ही संगणकप्रणाली मोफत आहेत, उतरवून घ्या. प्रतिक्रियाकाल मोजायला उपकरण लागत नाही; साधा लॅपटॉप आणि सायकोपाय असले की स्ट्रूपचा प्रयोग (रंगाचे नाव वेगळ्याच रंगात लिहून शाईचा रंग ओळखायला लावणे) दोन संध्याकाळींत उभा राहतो.

दुधाने_पोळलेला

सर्व सल्ले चांगले आहेत, पण एक बाजू राहिली. मी एका प्रयोगशाळेत आठ महिने विनामानधन काम केले. ३१० प्रश्नावल्यांची माहिती संगणकात भरली, दोनदा तपासली, ६० मुलाखतींचे सांकेतीकरण (उत्तरांची विषयवार वर्गवारी) केले. शोधनिबंध आला तेव्हा त्यात माझे नाव नव्हते, आभारातही नव्हते. मी विचारले तेव्हा ‘माहिती भरणे म्हणजे लेखन नव्हे’ असे उत्तर मिळाले. नियमाने पाहिले तर ते पूर्ण चूकही नव्हते, आणि म्हणूनच जास्त लागले.

म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा. संकोच वाटला तर ई-मेलने विचारा, म्हणजे उत्तरही लेखी राहते. अनेक नियतकालिके आता ‘क्रेडिट’ पद्धतीने १४ प्रकारच्या योगदानांची नोंद मागतात: संकल्पना, पद्धती, माहितीसंकलन, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. ती यादी समोर ठेवून ‘यांपैकी माझ्याकडे काय येणार, आणि सहलेखक होण्यासाठी आणखी काय करावे लागेल?’ असा साधा प्रश्न करा. स्वतःची कामाची वहीही ठेवा. तारीख, तास, काय केले.

गावोगाव_फिरलेला

दुधाने_पोळलेला यांच्याशी सहमत, पण एक भर घालतो. माहिती भरण्याला कमी लेखू नये. कोणत्या प्रश्नावर लोक थांबतात, कोणत्या गावातून सगळी उत्तरे ‘२’च येतात (म्हणजे बहुधा प्रश्न विचारायला गेलेल्या अन्वेषकाने झाडाखाली बसून स्वतःच भरलेली असतात), हे माहिती भरणाऱ्यालाच प्रथम दिसते. तुम्ही ते टिपून ठेवून मार्गदर्शकाला दाखवले असते तर ते विश्लेषणातले योगदान ठरले असते. अर्थात, असे करता येते हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते.

सोलापूरची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ६,००० रुपये भरले नाहीत. विभागप्रमुखांना ऑन जॉब ट्रेनिंगविषयी विचारले; त्यांची तत्त्वतः हरकत नाही, पण संस्थेचे पत्र आधी हवे आहे. तीन शोधनिबंध वाचून तीन पत्रे लिहिली. त्यांपैकी एका प्राध्यापिकेचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यांच्या प्रकल्पात विडी कामगार स्त्रियांच्या मुलाखती आहेत, त्यांपैकी बऱ्याच तेलुगूत आहेत आणि शब्दांकन करणारे कोणी नाही. पुढच्या सोमवारी फोनवर बोलायचे आहे. मानधन, नाव आणि नवव्या प्रश्नासारख्या प्रसंगातली कार्यपद्धती हे तिन्ही प्रश्न लिहून ठेवले आहेत. एक शंका: या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मी घरी माझ्या लॅपटॉपवर ऐकले तर चालते का? घरी एकच खोली आहे.

निवृत्त_प्राध्यापिका

अभिनंदन. तुमची शंका योग्य आहे आणि सोमवारी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारा. सहभागी स्त्रियांनी संमतिपत्रावर सही करताना ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, हे त्यांना काय सांगितले होते, त्यावर उत्तर अवलंबून आहे. सोलापुरातल्याच वस्तीतल्या मुलाखती असतील तर तुमच्या घरातल्या कोणाला आवाज ओळखू येण्याची शक्यता खरी आहे. कानात हेडफोन असले तरी पडद्यावर टंकलेले दिसतेच. विभागात किंवा ग्रंथालयात एखादी बंद खोली ठरावीक वेळी मिळेल का, ते विभागप्रमुखांना आजच विचारून ठेवा, म्हणजे सोमवारी शंकेबरोबर तुमच्याकडे तोडगाही असेल. आणि एखादा आवाज तुम्हालाच ओळखीचा वाटला, तर ती फाइल तिथेच थांबवून प्राध्यापिकांना परत करायची, हेही त्यांना आधीच सांगून टाका.